भटू सरांच्या चपला

भटू सरांचा फोन वाजला की आधी त्यांच्या पायांतल्या चपला निघायच्या, मग ते फोन घ्यायचे. तुम्हाला वाटेल, मी थट्टा करतोय. अहो, या डोळ्यांनी पाहिलंय! तळोद्याहून आमच्या डोंगरातल्या आश्रमशाळेकडे जाणारी जीप. आत माणसं कोंबलेली, मागच्या फळीवर भटू सर आणि मी. घाटातल्या एका वळणावर जरा रेंज यायची, तिथे सरांचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईने पाय झटकले आणि एक चप्पल उडून थेट दरीत गेली.

"सर, चप्पल गई तुमनी!" ड्रायव्हर लोटन आरशात बघून ओरडला.

सरांनी त्याला हातानेच गप्प केलं. फोनवर त्यांचा भाऊ होता, शेतात किती ओळी कापूस लावला ते सांगत होता. सगळं ऐकून झाल्यावर सरांनी फोन खिशात ठेवला आणि उरलेली चप्पल हातात घेऊन ते शाळेपर्यंत अनवाणी आले. वाटेत मी विचारलं, "सर, फोनवर बोलायला चपला कशाला काढायच्या?"

"भो, फोन म्हंजे काय शे? कॉम्प्युटरच शे ना! लहाना शे म्हणीसन त्याना मान नही ठेवाना का?"

याचं मूळ धुळ्यात होतं. तरुणपणी सर तिथे कॉम्प्युटर शिकायला गेले. त्या काळी कॉम्प्युटरचा थाट एखाद्या जावयासारखा. बंद काचेची खोली, गारेगार हवा, मशीनवर शिवलेली झालर, आणि दाराशी चपलांचा हा ढीग! धूळ गेली तर मशीन बिघडेल म्हणून चपला बाहेर. लोक पुढे ती भीती विसरले, सर विसरले नाहीत. "मशीन पहिले धूय वयखस, मंग माणूसले," असं ते म्हणायचे, म्हणजे मशीनला आधी धुळीची ओळख, मग माणसाची. त्यांच्या शर्टाच्या खिशात शेवटपर्यंत एक चौकोनी काळी फ्लॉपी असायची. ती आता कुठल्याच मशीनमध्ये जात नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलं असेल. "मशीनमा नही जास, पन खिसामा बराबर बसस," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

मी शाळेत मराठी शिकवायचो. मूळचा नाशिककडचा, कॉम्प्युटर या प्रकाराशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं. भटू सर गणित शिकवायचे, म्हणून आमच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाले तेव्हा तो संसार त्यांच्या गळ्यात पडला. ते इतके खूश झाले, की खोके उघडण्याआधी त्यांनी खोली स्वतः सारवली आणि दारात चपलांसाठी चुन्याने रेघ मारली. मशीन मांडून झाली, पडदे लागले, आणि पहिल्याच वादळात वरच्या डोंगरातले विजेचे खांब आडवे झाले. वीज गेली ती गेलीच. आज येते, उद्या येते, करता करता पावसाळा संपला, थंडी संपली.

दुसरा कोणी असता तर कुलूप लावून मोकळा झाला असता. भटू सरांनी काय केलं? शाळेसमोरच्या अंगणात चुन्याने भलामोठा कीबोर्ड काढला. एकेक अक्षर पाटाएवढं! त्यावर उड्या मारून पोरांनी शब्द लिहायचा. एक पोरगं पळत जाऊन ती अक्षरं दुसऱ्याला सांगणार. तो दुसरा म्हणजे मेमरी, त्याने फक्त लक्षात ठेवायचं. तिसरा पाटीवर लिहिणार, तो हार्ड डिस्क. आणि चौथा पोटावर पुठ्ठ्याची चौकट धरून पाटीवरचं मोठ्याने वाचणार, तो स्क्रीन. मध्येच सर ओरडायचे, "लाईट गई!" की मेमरीने डोळे मिटून सगळं विसरायचं.

"पन सर, मला येतंय की!" मेमरी झालेला पोरगा कुरकुरायचा.

"येत व्हई तरी इसर! लाईट गई का मेमरी रिकामी. पाटीवर लिखेल तेच ऱ्हास," सर दरडावायचे.

ही पोरं घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी, वर्गात माझ्यासमोर मराठी बोलताना चाचरणारी. अंगणात मात्र एकेकाला कंठ फुटायचा. मला सरांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू! माझ्या कवितेच्या तासाला पोरं खिडकीतून त्या अंगणाकडे बघत बसायची. सर मलाही बोलवायचे, "या गुरुजी, चपला काढा आनि नाव लिखा." मी म्हणायचो, "मी मराठीचा माणूस, मी उड्या मारून लिहीत नाही." त्या अंगणात मी कधी चप्पल काढली नाही.

उड्या मारण्यात जमना सगळ्यांत तरबेज. आठवीतली, काडीसारखी पोरगी. एकदा तिने विचारलं, "सर, एबीसीडी सरळ का नाही लावली?" सर तिथेच बसले आणि तिला जुन्या टाइपरायटरची गोष्ट सांगितली. जवळजवळची अक्षरं भराभर दाबली की त्याच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या, म्हणून ती लांब लांब बसवली असं म्हणतात. "वर्गमा भांडखोर पोरे आपन कशा येगयेगया बसाडतस? तसंच शे हाई," असं म्हणून त्यांनी जमना आणि तिची मैत्रीण यांच्याकडे असं पाहिलं की सगळा वर्ग हसला.

आणि मग सरकारी ऑफिसातून निरोप आला. मशीन वापरात नाहीत, तेव्हा ती खाली सपाटीवरच्या एका शाळेला द्यायची. साहेब येणार, सोबत टेम्पो येणार.

सर दोन घासही जेवले नाहीत. मी समजूत घालायला गेलो, "सर, तिथे वीज तरी आहे. कोणाच्या तरी उपयोगाला येतील."

"ते बी पोरंच शेतस, मी नही म्हनत नही," ते म्हणाले. "पन मी ह्या पोरेसले वरीसभर सांगी ऱ्हायनू, का असं मशीन ऱ्हास, तसं मशीन ऱ्हास. एकदाव बी चालू न व्हता गयं, तं पोरे काय म्हनतीन? भटू सर थापा मारे!" बोलता बोलता ते खिशातली फ्लॉपी काढून पुसत राहिले. मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस कॉम्प्युटरसाठी रडवेला झालेला नाही.

काठी गावची मोठी होळी नुकतीच झालेली. पोरं घरून परतली होती, पण पायांत अजून ढोल वाजत होता. साहेब आले ते टेम्पो घेऊनच. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. सरांनी त्यांना चुन्याच्या रेघेशी अडवलं आणि बूट काढायला लावले. मोज्यातून साहेबांचा अंगठा बाहेर डोकावत होता, आम्ही सगळ्यांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं. खोली आरशासारखी लख्ख.

"सर, स्वच्छ आहे हो, पण चालू कुठे आहेत?" साहेब म्हणाले.

"मशीन बंद शेतस साहेब. पोरे चालू शेतस."

मग अंगणात खेळ झाला. साहेबांनी शब्द दिला, जमनाने होळीच्या ठेक्यात उड्या मारल्या, अक्षरं पळत गेली, पाटीवर उमटली, स्क्रीनने घसा ताणून वाचली. सर ओरडले, "लाईट गई!" आणि मेमरीने डोळे असे घट्ट मिटले की साहेब खो खो हसले. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी टेम्पोकडे पाहिलं. "सगळं छान आहे हो. पण अंगणात उड्या मारणं वेगळं आणि खऱ्या मशीनवर बसणं वेगळं."

तेवढ्यात खालून लोटनची जीप आली, मागे लग्नातल्या बँडचा जनरेटर बांधलेला. सरांनी त्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं. जनरेटरने अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा आवाज केला, धूर सोडला, आणि खोलीतल्या एका मशीनचा पडदा उजळला. दारात पोरांची गर्दी झाली. कोणी रेघ ओलांडली नाही.

जमना खुर्चीवर बसली. "नाव लिही तुझं," साहेब म्हणाले.

तिने बोट पुढे केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. एवढ्याशा त्या बटणांवर तिला काहीच सापडेना. तिचे डोळे भरून आले. माझ्याच्याने बघवेना, मी म्हणणार होतो, "सर, सांगा तिला," पण सर भिंतीला टेकून गप्प उभे होते. मग जमनाने कीबोर्डवरची नजर काढून घेतली. टेबलाखाली तिचा उजवा पाय जरासा सरकला, आणि बोट 'जे'वर पडलं. डावा पाय पार टोकाला गेला, बोट 'ए'वर पडलं. पाय सांगत होते, बोटं ऐकत होती. पडद्यावर तिचं नाव पूर्ण झालं तेव्हा साहेब चक्क टेबलाखाली वाकून तिचे पाय बघत होते.

ते उठले, गुडघे झटकले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा रे, रिकामाच जा." नंतर बूट न घालताच ते अंगणात गेले आणि फाटक्या मोज्यांनी आपलं नाव लिहायला लागले. दोन अक्षरं चुकले, पोरांनी हात धरून त्यांना मागे नेलं. भटू सर पायरीवर बसून रडत होते आणि लोटनला सांगत होते, की जनरेटरचा धूर डोळ्यांत गेला.

यथावकाश खांब उभे राहिले, वीज आली, सर निवृत्त होऊन तापीकाठच्या आपल्या गावी गेले. मुलाने त्यांना मोठा मोबाईल घेऊन दिला. त्यावर ते मला नातवंडांचे फोटो पाठवायचे, आणि खाली हटकून लिहायचे, "पहिले माणूस कॉम्प्युटरनी खोलीमा जाये, आते कॉम्प्युटर माणूसना खिसामा जास. गुरुजी, चप्पल काढी का?" मी उत्तर द्यायचो, "नाही!" तो आमचा नेम होता.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. सर गेले. सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या, चहा घेता घेता.

जमना आता पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिला कळवायला हवं होतं. मी पायांत चपला सरकवल्या, उंबरा ओलांडला आणि फोन लावत अंगणात आलो.

"जमना, भटू सरांचं..." एवढंच मला बोलता आलं.

"थांबा सर," ती म्हणाली. तिकडे काहीतरी खुडबुडलं, खुर्ची सरकल्यासारखी वाटली. "हां. काढल्या चपला. आता सांगा."

मी सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो, तेव्हा दिसलं. माझ्या चपला मागे उंबऱ्याजवळ पडल्या होत्या, एक उलटी, एक सुलटी.