जात्यासकट आवाज

टेप सुरू झाला की मामा एक बोट वर करायचे. "गप. जातं बोलाया लागलं." मग घरघर यायची आणि त्या घरघरीतून त्यांच्या आईचा आवाज वर चढायचा. बाबासाहेबांच्या ओव्या.

मामा नात्यातले नव्हेत; ते दौंडला रेल्वेत फिटर, मी तिथल्याच रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात कामाला. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. दुकानाचा टेपरेकॉर्डर शिरूरकडच्या आपल्या गावी नेऊन त्यांनी आईला दळताना टेप केलं होतं. ती एकच फीत. दर रविवारी ती घेऊन स्वारी दुकानात हजर. ऐकली असतीत, तर तुम्हीही नाक मुरडलं असतंत. कोंबड्या, धाप, मध्येच कुणाची तरी हाक. मी चिडवायचो, "मामा, ही गिरणी बंद करा की."

"आरं, गिरणीत पीठ पडतंय न्हवं?"

पुण्याच्या एका कार्यक्रमवाल्या साहेबांनी फीत ऐकली. "गळा छान आहे, पण टेप स्वच्छ करून आणा," म्हणाले. माझ्या अंगात कारागिरी संचारली. नवी फीत दौंडात मिळेना. म्हटलं, हिच्यावरच घेऊ.

"म्हंजी जुनं जाईल?"

"चांगलं आल्यावर जुनं कशाला हवंय, मामा?"

त्यांनी फीत माझ्या हातात दिली. यंत्रातलं मला जास्त कळतं असं त्यांना वाटायचं. दुर्दैवानं मलाही वाटायचं.

गावी जाऊन मी दारं लावली, कोंबड्या हाकलल्या, आजींना जात्यावरून उठवून घोंगडीवर बसवलं. दीड ओवी झाली आणि त्या अडल्या. उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. "हात रिकामा हाय रं बाबा. सबूद येत न्हाई."

आता येईल, मग येईल म्हणून मी टेप चालूच ठेवला. फीत फिरत राहिली आणि मागचं सगळं पुसत गेली. पुढच्या खेपेला जात्यावरच घेऊ, असं ठरवून परतलो. महिन्याच्या आत आजी गेल्या.

जलदानविधीला मी गेलो होतो. वंदना झाल्यावर बाया म्हणाल्या, "दादा, आईचं टेप लावा की." मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी टेप लावला. दीड ओवी. मग सगळं शांत, आणि त्या शांततेत माझा आवाज, अगदी स्वच्छ: "आजी, खोकू नका."

बायांनी माना खाली घातल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मामांनी बटण दाबलं नाही. फीत संपेपर्यंत त्यांनी आम्हां सगळ्यांना ते ऐकवलं.