ज्या गावाला काहीच द्यायचं नव्हतं

पीएचडी करणाऱ्या बाईला माणसं दोनच प्रश्न विचारतात. एक, "झाली का?" आणि दुसरा, "मग कधी होणार?" माझ्या घरी तर दूधवालासुद्धा विचारायचा. मी शिरूरला एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की हरी हरी. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि विद्यापीठानं मला शेवटची मुदतवाढ दिलेली. यंदा प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे उरलेला जन्म तासिका तत्त्वावर.

माझा विषय साधा होता. मुलाचं बोलणं कोणी मध्ये न तोडता ऐकून घेतलं, तर त्याच्यात काय फरक पडतो? आपल्याकडं मुलाला बोलायला सांगतात ते फक्त पाहुण्यांसमोर कविता म्हणायला. एरवी "गप बस" हाच संस्कार. म्हणून मी ऐकण्याचा तास काढला. रोज गावातलं एक मोठं माणूस शाळेत येणार, एका मुलासमोर अर्धा तास बसणार आणि ते बोलेल ते ऐकणार. उपदेश नाही, प्रश्न नाही, मोबाईल नाही. आमचे गाईड सर म्हणाले, "उत्तम. पण तुलनेला दुसरी शाळा घ्या. तिथं तास घ्यायचा नाही, नुसती मुलं मोजायची, सुरुवातीला आणि वर्षाअखेर." मोजायची म्हणजे परक्या माणसाशी मूल किती मोकळं बोलतं ते बघायचं. एक शाळा पुढं गेली, दुसरी होती तिथंच राहिली, की माझा प्रबंध तयार.

तासासाठी मी पाबळकडचं एक गाव घेतलं. नुसत्या मोजणीसाठी दौंड तालुक्यातलं, वरवंडच्या पुढचं. माझं माहेर त्याच बाजूचं. म्हटलं, आपलीच माणसं आहेत, सांभाळून घेतील.

तिथल्या शाळा समितीचे अध्यक्ष एक आबा होते. ऊसवाले, सोसायटीत वजन असलेले. मुलं मोजून मी निघाले तर त्यांनी चहाला थांबवलं.

"मोजणी झाली. आता आमच्या पोरांना काय देनार?"

"काही नाही आबा. तुमच्या गावाला काहीच द्यायचं नाही."

"आन् दुसऱ्या गावाला?"

मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, तास कसा असतो इथपासून. आबांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजी फॅट आमच्या दुधाचं मापायचं आन् डेअरी शिरूरला काढायची. आसं कुठं आसतंय व्हय?"

"आबा, हे शास्त्र आहे."

"आसंल. पर आमच्यात काय कमी हाय, ते सांगा."

मला वाटलं, विषय संपला. मी घरी गेले आणि वर्षभर पाबळकडच्या गावात राबले.

त्या गावाचं काय सांगू, कपाळ माझं. निम्मी माणसं रांजणगावच्या कंपन्यांत. ऐकायला येणारा नाइट शिफ्ट करून यायचा, मुलासमोर मांडी घालायचा आणि पोरगं "आमच्या घरी" म्हणेपर्यंत घोरायला लागायचा. मुलंही गुणाची. झोपलेल्याच्या डोक्याखाली दप्तर सारून खेळायला पळायची. मग पुरुषांनी बायकांना पाठवलं. त्या झोपल्या नाहीत, कान टवकारून ऐकलं. कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची सून माहेरी का बसलीय, सगळं अर्ध्या तासात हाती. दिवाळीपर्यंत गावात एवढी भांडणं लागली की घरोघरी पोरांना ताकीद मिळाली, "तासाला गेलास तरी तोंड उघडायचं न्हाई." मुलांना बोलतं करायला मी गेले होते, आणि अख्खी शाळा मुकी करून ठेवली.

वर्षाअखेर मोजलं तर मुलं पहिल्यापेक्षा गप्प. सरांना फोन केला. ते म्हणाले, "घाबरू नका. दुसरी शाळा त्याहून मागं असेल तरी चालेल." तेवढ्या आशेवर मी वरवंडची एसटी धरली.

शाळेच्या फाटकातच मुलांनी मला घेरलं. एकानं आजीची कवळी विहिरीत कशी पडली ते सांगितलं, दुसरीनं मामाचं लग्न कसं मोडलं ते. मी "बरं, बरं" म्हणून सरकायला लागले तर एकजण शांतपणे म्हणाला, "बाई, मधी बोलू नगा. माजं झालं न्हाई."

मी तिथल्या गुरुजींना गाठलं, तेव्हा सगळं कळलं.

मी गेल्यावर आबांनी ग्रामसभा भरवली होती. ठराव असा की बाई देत नाहीत तर तास आपणच घ्यायचा, आणि शिरूरवाल्यांपेक्षा चांगला घ्यायचा. लगेच ऐकणारांची समिती निघाली. गावात दोन पार्ट्या, म्हणून समितीत दोन्हीकडची माणसं. एका पार्टीचा माणूस ऐकायला बसला की दुसऱ्या पार्टीचा दारात उभा, हा कधी तोंड घालतो ते बघायला. मध्ये बोलला की समितीतून बाहेर, आणि शाळेतलं शाळेत ठेवलं नाही तरी बाहेर. सगळ्या गावात नाक कापलं जाणार. त्या धाकानं जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली माणसं ओठ आवळून बसायची. माझा नियम पाबळकडं कुणी पाळला नाही, आणि जिथं द्यायचाच नव्हता तिथं देवाच्या नेमासारखा पाळला.

शाळेच्या व्हरांड्यात समिती बसलेली होती. माझा तोल गेला. तुम्ही माझं वाटोळं केलंत, म्हटलं. तुम्हाला काहीच करायचं नव्हतं. मुदतवाढीचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, नणंद काय टोमणे मारते तेही सांगून टाकलं. समोर सगळे मान खाली घालून, एक शब्द नाही. मी आणखीच भडकले.

"अहो, काहीतरी बोला की."

आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. माझा अर्धा तास व्हायचा होता.

तो संपल्यावर ते म्हणाले, "बोलून झालं न्हवं? आता काय करायचं, सांगा."

व्हरांड्यात यायच्या आधीच मी सरांना फोन केला होता, उपाय त्यांनी दिलेलाच होता. म्हटलं, "तास बंद करा. उन्हाळ्यानंतर मी परत मोजेन. तोवर मुलं पहिल्यासारखी गप्प व्हायला पाहिजेत."

मला वाटलं, भांडतील. आबांनी दोन्ही पार्ट्यांकडं बघितलं. "बाईच्या पोटाचा सवाल हाय. बंद करू." दुसऱ्या पार्टीचे आप्पा म्हणाले, "न्हाई कोन म्हनतंय?" त्या गावात दोन्ही पार्ट्यांचं त्याआधी एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आबा उठून वर्गाच्या दारात गेले. आत कलकलाट चालला होता. "पोरांनो, आजपास्नं तास बंद. बाईचं काम आडलंय, तुमी गप ऱ्हायचंय," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत की काही नाही.

आवाज थांबला. मी आत डोकावले. सगळी मुलं रांगेत, हाताची घडी, तोंडावर बोट. गुरुजीसुद्धा जागेवर नव्हते, मुलांना तसं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. माझं काम व्हावं म्हणून बसली होती. आज जिचा नंबर होता ती तेल लावून, वेण्या घालून आलेली मुलगी पुढं बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बोट ओठावरून जरासं बाजूला केलं.

"बाई, येवढं गप चालंल का? का आजून गप बसू?"

मी बाहेर आले. आबांना म्हटलं, तिचा नंबर आहे, कुणालातरी ऐकायला बसवा. मग फाटकाशी जाऊन सरांना फोन लावला आणि सांगितलं, माझी नोंदणी रद्द होऊ द्या.