पडदेवालीचे ब्रेक

पडदे शिवून घरोघरी लावून देणाऱ्या एका बाईची गाडी ब्रेक दाबला की खरखरायची. गेल्या खेपेला गॅरेजवाल्याने नुसते पॅड बदलले होते आणि चरे पडलेल्या डिस्क तशाच ठेवल्या होत्या. या वेळी दोन्ही आपल्याच हाताने बदलायचं तिने मनावर घेतलं.

"तुझ्या ब्रेकच्या भरवशावर मी गाडीत बसणार नाही," नवऱ्याने सांगून टाकलं. पडद्याचे लांब दांडे लावायला दुसरा माणूस लागायचाच. तो आला नाही, तर धंदा बसला.

तिने गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. चाक निघालं, पॅड निघाले, पण जुनी डिस्क गंजून जागेवर घट्ट चिकटली होती. तेल सोडून, डिस्क फिरवत, ती हातोडीने ठोकत राहिली.

"गॅरेजवाल्याला फोन करू?" नवऱ्याने विचारलं.

"कर. म्हणावं, बघायला ये."

दुपार कलताना डिस्क निखळली. दुसरी बाजू लवकर उरकली. नव्या डिस्कवरचा तेलकट थर पुसून तिने पॅड बसवले, चाकं आवळली. आत बसून पेडल दाबलं, तर ते थेट तळाला गेलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"पॅड अजून डिस्कला टेकायचेत," ती म्हणाली आणि पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहिली.

मग ती एकटीच रिकाम्या गल्लीत गेली. हळू चालवून थांबली, वेग घेऊन थांबली, पुन्हा थांबली. खरखर गेली होती. परत येऊन तिने आतूनच गाडीचं शेजारच्या सीटचं दार उघडलं. नवरा दांडे टपावर बांधायला लागला.