झाकणाआतली खूण

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. औंढ्याला माझं मेडिकल आहे. अंगारा लावून आलेल्यालाही मी तापाची गोळीच देतो... तरी हे लिहितोय.

मला घड्याळांचा नाद आहे. जुनी नव्हे — जुन्या धाटणीची नवी. छोटी डायल, फुगीर काच, सायीच्या रंगाचे आकडे, रोज चावी द्यायची. रूप आजोबांच्या काळचं, पण मशीन कोरी. कुणाचा घाम लागलेला नाही. आमच्या ऑनलाइन ग्रुपवर सगळे यालाच भुललेत.

मागच्या हिवाळ्यात असंच एक मागवलं. सीलबंद डबा मीच फोडला. पण घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायचं. म्हणून बाजाराच्या दिवशी भर दुपारी जवळा बाजार या गावी मारोतीमामांकडे गेलो. मामांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, माझी जुनी ओळख.

मामांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं... आणि थांबले.

"हे कोणाचं हाय?"

"माझंच. नवं आहे."

"नवं?" त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. आतून सुईनं कोरलेला 'मा', खाली तीन रेघा. "दुरुस्ती केली की आमी आतून खूण करतो. ही माझी हाय. तीनदा उघडलं मी हे. माझ्या भावाचं."

त्यांचा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. एकदा गेला तो परतलाच नाही, एवढं मला माहीत होतं. जाताना घड्याळ हातात होतं, हे तेव्हा कळलं.

मामांनी माझं मनगट धरलं. "खरं सांगा, कुठाय माझा भाऊ? काहून लपवून राहिले?"

मी मोबाईलवरची ऑर्डर दाखवली. त्यांना पटेना. खरं तर मलाही त्यांचा संशय आला — यांनीच कोरलं नसेल ना? पण मी समोरच होतो, आणि रेघांत काळा मळ बसलेला. मी फोटो काढून घेतला आणि घड्याळ घेऊन निघालो.

मग वाटलं, कंपनीच जुनी झाकणं वापरत असेल. ग्रुपवर तिघांनी आपापली उघडून पाहिली — सगळी कोरी. शेवटी हिंगोलीच्या एका कारागिराकडून माझं पुन्हा उघडून घेतलं.

"यात काहीच न्हाई, साहेब."

झाकण आरशासारखं गुळगुळीत! फोटोत मात्र खूण तशीच.

मी तडक मामांकडे. "मामा, त्या दिवशी झाकण बदललं का तुमी?"

चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं. मग हळूच म्हणाले, "गेली व्हय खूण? मंग ती माझ्याच हातात दिसते म्हणायची. ते माझ्यापाशीच राहू द्या."

मी देऊन टाकलं.

झाकण बदललं म्हणावं, तर झाकणावर बाहेरून कोरलेला नंबर डब्यावरच्याशी जुळत होता. मामा खोटं बोलले म्हणावं, तर रेघांतला तो जुना मळ फोटोत अजून दिसतो... मला अजून काही उलगडलेलं नाही.

घड्याळ आता त्यांच्या हातात असतं, वेळही बराबर दाखवतं. परवा म्हटलं, "मामा, एकदा उघडून दाखवता?"

त्यांनी सदऱ्याची बाही घड्याळावर ओढली. "न्हाई. आत खूण नसली तर?"

मीही पुन्हा विचारलं नाही.