सात वर्षांत न ऐकलेला माणूस

कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. बी. कॉम. होऊन इतकी वर्षं झाली होती की पदवीचा कागद शोधायला आईच्या ट्रंकेच्या तळाशी जावं लागलं. कॉलेज गिरगावात, सकाळचं. वर्गातली मुलं मला काका म्हणत. "काका, या वयात का?" असं कोणी विचारलं, की शिकायचं राहून गेलं होतं असं मी सांगायचो. ते खरं नव्हतं. मला माझ्या मोठ्या भावाला कायद्याने मेलेला ठरवायचं होतं, आणि ते कसं करतात हे मला स्वतः वाचायचं होतं.

सात वर्षांपूर्वी दादा एका दुपारी जेवून कामाला गेला आणि परत आला नाही. पोलिसात तक्रार झाली, इस्पितळं झाली, गावी माणूस पाठवून झाला. काहीच हाती लागलं नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता. नायगावातली आमची खोली वडिलांमागे त्याच्या नावावर झाली होती. आता चाळी पाडून टॉवर उभे राहत होते, आणि नव्या घराचा करार ज्याच्या नावावर खोली त्यानेच करायचा होता. करार करून घेणाऱ्या कचेरीतले साहेब सभ्य होते. म्हणाले, "एक तर त्यांना आणा, नाहीतर ते नाहीत असं कोर्टाकडून आणा."

बाकीचे करार करून गेले. आमच्या मजल्यावर मी आणि आई उरलो. रिकाम्या झालेल्या खोल्यांची दारं, कड्या, नळ, सगळं भंगारवाल्यांनी काढून नेलं. मधला बोळ आणि दोन्ही बाजूंना नुसत्या चौकटी. दिवसासुद्धा त्या बोळातून चालताना मी मान सरळ ठेवायचो.

कॉलेज सुटलं की बसने घरी यायचं, जेवायचं आणि खाटेवर बसून मोठ्याने वाचायचं. आमच्या पिढीला मनात वाचलेलं लक्षात राहत नाही. पुराव्याच्या कायद्यातलं ते कलम मी असंच घोकत होतो: एखादा माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकपणे त्याची खबर लागली असती, अशा लोकांनी सात वर्षं त्याच्याबद्दल काही ऐकलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते.

आई मोरीजवळ बांगडे साफ करत होती. "काय वाचतंस ता?"

"कायदो."

"कसलो?"

"हरवलेल्या माणसाचो. सात वर्सां खबर नाय तर तो नाय असा धरूचा."

"कोणी धरूचा?"

"कोर्टान."

"कोर्टाक आवस आसा काय?" ती म्हणाली, आवस म्हणजे आई, आणि पुन्हा माशांकडे वळली. थोड्या वेळाने आपणहून बोलली, "आमच्यात बारा वर्सां थांबतत. मगे दर्भाचो माणूस करतत आणि जाळतत."

"आणि तो परत इलो तर?"

"तर त्येका नव्यान जल्माक घालूक व्हयो. न्हाण घालतत, कानात नाव सांगतत, बारसा करतत."

तिच्या लहानपणी गावात असा एक जण परत आला होता. त्याचा दर्भाचा पुतळा जाळून झालेला. त्याला न्हाऊ घातलं, पाळण्याला हात लावून नवं नाव ठेवलं. पण जुन्या नावाने हाक मारायला लोक धजत नव्हते आणि नव्या नावाला तो ओ देत नव्हता. पडवीत बसून असायचा. मग एक दिवस तिथेही दिसेनासा झाला. "त्येका कोणी सोधूक पण गेला नाय," आई म्हणाली. "कोणाक सोधतले?"

आता आवाजाचं सांगतो. दादाला एक खोड होती. जिना चढून बोळात शिरला की आमच्या खोलीपर्यंत जेवढी दारं लागतील तेवढ्यांच्या बाहेर लोंबणाऱ्या कड्या बोटाने उडवत यायचा. खण, खण, खण. दुपारी डुलकी लागलेली माणसं वैतागायची. शेजारच्या मावशी आतूनच आईला ओरडायच्या, "इलो गे तुझो देवळातलो घंटेवालो." तो हसत आत यायचा आणि चहा मागायचा.

मी ते कलम पाठ करायला लागलो त्याच दिवसांत, टळटळीत दुपारी, तो आवाज आला. जिन्याकडून एकेक कडी वाजत जवळ आली आणि आमच्या अलीकडच्या दाराशी थांबली. मी बाहेर जाऊन पाहिलं. बोळ रिकामा. चौकटींना दारं नव्हती, मग कड्या कुठल्या असणार? खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "वर कोण नाय, साहेब. तुम्हीच दोघं. घाबरता काय?"

"नाही रे. उंदीर असतील."

"उंदीर पण गेले. खायाला काय हाय तिथं?"

वर येऊन मी दाराची आतली कडी लावली. पाणी पिऊन वळलो तर आईने ती काढलेली. ती आडवी झाल्यावर मी उठून लावली.

त्यानंतर हे आमचं रोजचंच झालं. आवाज यायचा, शेजारच्या चौकटीशी थांबायचा. आई हातातलं काम ठेवून उठायची, कडी काढायची, गॅसवर चहाचं आधण ठेवायची. ती परत बसली की मी गुपचूप कडी लावायचो. तिला ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर आम्ही दोघांनी ऐकलं असं झालं असतं. मी कडी लावत होतो ती भीतीने, असं मी स्वतःला सांगत असे. भीती होतीच. पण तो येऊ नये असंही मला वाटत होतं. तो आला तर माझा कोर्टात करायचा अर्ज खोटा पडणार होता. ज्याच्या पाठीवर बसून मी पोहायला शिकलो, त्याच्याबद्दल मला असं वाटत होतं.

त्या अर्जासाठी लावलेल्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयार करून दिलं होतं. सात वर्षांत मी किंवा आईने त्याच्याबद्दल काहीही ऐकलेलं नाही, एवढाच त्याचा गाभा. शपथ घेऊन सही करायची होती.

त्याच आठवड्यात वर्गात लुटुपुटूचा खटला होता. मॅडमनी नेमका हाच विषय दिला होता. मुलं म्हणाली, "काका, तुम्ही साक्षीदार व्हा. तुमचा चेहरा बिचारा आहे." मी पिंजरा म्हणून ठेवलेल्या बाकामागे उभा राहिलो. उलटतपासाला एक लालबागची मुलगी होती, घरी मसाल्याची गिरणी असलेली, बोलायला तिखट.

"सात वर्षांत तुम्ही भावाबद्दल काही ऐकलं का?"

"नाही."

"घरात अजून कोण आहे?"

"आई."

"ती मानते का, मुलगा गेला म्हणून?"

हे आमच्या ठरलेल्या कागदात नव्हतं. मी म्हणालो, "ती दाराची कडी काढून ठेवते."

"आणि तुम्ही?"

"मी लावतो."

मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. ती मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "कोणासाठी लावता, काका?"

मी वळून वर्गाच्या दाराकडे पाहिलं. मग मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "साक्षीदार पढवलेला नाही, एवढं तरी दिसलं. बसा तुम्ही." बाहेर पडताना त्या मुलीने मला पाण्याची बाटली दिली. "सॉरी काका, मला वाटलं तुम्ही अ‍ॅक्टिंग करताय."

घरी आलो. जेवलो. पुस्तक उघडलं नाही. आई तांदूळ निवडत बसली होती. आवाज जिन्याकडून सुरू झाला. आईने तांदळातून मान वर केली, पण या वेळी ती उठली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तू काढ."

मी उठलो आणि आतली कडी काढली. दार बोटभर किलकिलं झालं. मी तिथेच उभा राहिलो. खण, खण, शेजारची चौकट. रोज तिथेच थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. आमच्या दाराची बाहेरची कडी वाजली. फटीतून मला ती दिसत होती. कोणी नव्हतं आणि ती हलत होती.

"ये बाबा," आई सूप बाजूला ठेवत म्हणाली, पूर्वी दादा आला की रोज म्हणायची तशी. मग तिने चहा केला. तीन कप भरले. तिसऱ्यावर साय धरेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता बसून होतो.

कायद्याने हा पुरावा नाही. दार हललं, लोखंड लोखंडावर आपटलं, खाडीकडचा वारा असेल. उलटतपासात असा साक्षीदार मी स्वतः दोन प्रश्नांत गारद करीन. परीक्षेत त्या कलमावर प्रश्न आला आणि मी चांगलं उत्तर लिहिलं. पण वकिलांना फोन करून सांगितलं की सही जमणार नाही.

"काही खबर लागली का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही," मी म्हणालो. "पण ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही."

ते म्हणाले, "अहो, घर जाईल."

ते मला माहीत आहे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बारा होऊंदेत." मजल्याचं पाणी लवकरच तोडणार म्हणतात. प्रतिज्ञापत्र खुंटीवरच्या पिशवीत तसंच आहे. दुपारी मी वाचायला बसतो तेव्हा आतली कडी काढलेली असते, आणि आता ती मी काढतो.