चितपट केलेल्या बाटल्या

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला माझं सगळं ठाऊक असतं — मी सांगायच्या आधीच. पण हे नाही. तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट कळलेलं नाही. ऐका, झालं.

पन्हाळ्यावर, तटाच्या कडेला आमची झुणका-भाकरीची गाडी आहे. बायको भाकऱ्या थापते, मी बडबड करतो. आणि बडबडीत मी — खोटं कशाला बोलू — पटाईत आहे. फिरायला आलेले लोक पाणी पिऊन बाटल्या तटाखाली भिरकावायचे. माझं डोकं फिरायचं. ओरडून बघितलं, कोण ऐकतंय? मग एकदा एका दांडग्या गृहस्थाला म्हणालो, "पावणं, टाकताय कशाला? चितपट करून दावा की!"

आणि त्यानं केली! पिळली, हवा काढली, झाकण घट्ट लावलं — बाटली मुठीत मावेल एवढी. मी खूश होऊन त्याला ताकाचा पेला दिला. मग काय, कुस्त्याच सुरू झाल्या. सासवा-सुना, नवी जोडपी, पेन्शनर मंडळी — सगळे दातओठ खाऊन बाटल्या पिळायला लागले. ज्याची सगळ्यात लहान त्याला ताक, आणि बाटल्या माझ्या पोत्यात. काय हसायचे लोक! तट कसा लख्ख दिसायचा. एवढा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पण पोतं भरल्यावर त्याचं काय व्हायचं? — हे कुणी विचारलंच नाही. कचऱ्याची गाडी थांबायची पार वर, तिथवर चढ चढून जावं लागायचं. तेवढं ओझं पाठीवर घ्यायचा मला कंटाळा. नुसता कंटाळा, दुसरं काही नाही. बायको भांडी घेऊन नळावर गेली की मी पोतं मागच्या घळीत रिकामं करायचो. एकदा नव्हे — दोन वर्षं.

मग जयसिंगपूरहून कॉलेजची पोरं-पोरी गड साफ करायला आली. दोर लावून घळीत उतरली. मी वर घाम पुसत उभा. एक पोरगी वर आली, ओंजळभर बाटल्या घेऊन. सगळ्या पिळलेल्या, सगळ्यांना झाकणं. संपलं, म्हटलं. लागली आपली पाठ मातीला.

पोरगी खो खो हसत सुटली. "काका, टाकणाऱ्यांनीबी तुमचं निम्मं ऐकलंय की! पिळल्यात, पण टाकल्यात खालीच!"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं. तेव्हा सांगता आलं असतं ना? तोंड तर उघडंच होतं.

आता पोतं मीच पाठीवरून वर नेतो. शीळ घालत नेतो. कुस्त्याही चालू आहेत. रविवारी तर गाडीपुढं जत्रा असते. पण खरी गोष्ट अजून सांगायची राहिलीच.

हसणं थांबल्यावर ती पोरगी जवळ आली. म्हणाली, "गेल्या साली मीबी इथं ताक जिंकलंतं, काका. आमच्यासारख्या फिरायला येणाऱ्यांनीच ही घाण केली. माफ करा." तिची बाटलीही त्या ओंजळीतच असेल कदाचित.

आणि मी — मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, पोरी," म्हणालो. सगळ्यांदेखत, मोठ्या मनानं, मी तिला माफ केलं.