तेओदुलोचे कान

तेओदुलोची सारी हयात जहाजाच्या इंजिनाला तेल घालण्यात गेली. फिलिपिन्सात, बटांगासला घरी परतला तो जपानात घेतलेले दोन दांडगे स्पीकर घेऊन. एक ठेवला बैठकीत, दुसरा पार मागच्या पडवीत, बायको पर्पेतुआ केळीच्या पानात चिकट भाताचे सुमान वळत बसायची तिथं. एवढ्या लांब जायचं तर तार जाड हवी, हे त्याला कळत होतं. म्हणून तो वेन्सेस्लाओच्या दुकानात गेला. वेन्सेस्लाओनं तेओदुलोच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेलं, तेव्हापासून दोघं एकमेकांचे कुम्पारे, हाक मारताना नुसतं 'पारे'. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाशी भांडेल, कुम्पारेशी नाही.

"शुद्ध तांबं, पारे. जाडी बघ की," वेन्सेस्लाओ म्हणाला.

शहाण्यानं तारेचं टोक चाकूनं खरवडून बघावं. पण कुम्पारेच्या दुकानात चाकू काढायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचंच की! वर वेन्सेस्लाओ स्वतः घरी येऊन तार जोडून गेला आणि पोटभर जेवूनही गेला.

आवाज निघाला तो मरतुकडा. पडवीतला स्पीकर तर नाकात बोलायचा. तेओदुलोनं विचारलं, तेव्हा कुम्पारेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तारेला काय धाड भरलीय? तुझे कान गेले, पारे. इंजिनानं खाल्ले."

त्यानं ते खरं मानलं. पर्पेतुआ म्हणायची, "अहो, मलाही तसंच ऐकू येतं." तो म्हणायचा, "माझं मन राखू नकोस." पुढे त्यानं चर्चच्या गायकांतून नाव काढून घेतलं. खर्जातला आवाज ही त्या माणसाची एकुलती एक ऐट होती. ती त्यानं मुकाट्यानं सोडली. बहिऱ्यानं इतरांना कशाला बेसूर करायचं, म्हणाला.

एकदा पडवी झाडताना झाडू अडकून तार तुटली. तेओदुलोनं ती सोलली. जाडी सगळी प्लास्टिकची. आत केसासारखे चार धागे, आणि खरवडले तर पांढरे. अॅल्युमिनियमला तांब्याचं पाणी दिलेलं! शेजाऱ्याकडची खरी तांब्याची तार आणून त्यानं जोडली, तसा ढोल थेट छातीत वाजला. पर्पेतुआ हातातलं टाकून उभी राहिली. तो मात्र चपला अडकवून तडक दुकानात गेला.

"अरे, सगळ्यांना तीच देतो मी," वेन्सेस्लाओ म्हणाला. "खरं तांबं परवडतंय कुणाला? बस, कॉफी घे. बदलून देतो."

"तार घाल चुलीत. माझे कान गेले असं का म्हणालास?"

वेन्सेस्लाओ गल्ल्यावरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "तू लगेच मानलंस, पारे. मी तरी काय करू?"

रविवारी गायकांनी सरकून तेओदुलोला त्याची जुनी जागा दिली. पेटी सुरू झाली. समोर पहिल्याच बाकावर वेन्सेस्लाओ हात जोडून बसला होता. तेओदुलोनं तोंड उघडलं, पण आवाज काही फुटला नाही.